ओरासिओची घडी

ग्रासिएला बोनिफात्तीचा हात चांगला, हे बुएनोस आयर्सच्या त्या प्रयोगशाळेत तिचे वैरीही मान्य करत. आरएनए म्हणजे भारी नाजूक प्रकरण, जरा बोट लागलं की नासतं. तिच्याकडे ते कधी नासलं नाही. त्या हाताचा तिला गर्व होता आणि तिथेच घात झाला.

पेशीत जनुकाची आरएनए प्रत निघते, तिच्यातले काही तुकडे कापून टाकले जातात आणि उरलेले जोडले जातात. एखादा तुकडा मात्र कधी ठेवला जातो, कधी गाळला जातो. असं का, यावर ग्रासिएला आणि तिचा सहकारी ओरासिओ लुकेत्ती एकाच टेबलावर वर्षानुवर्षं भांडले.

"अगं, आरएनएचा धागा स्वतःवरच दुमडतो," ओरासिओ म्हणायचा. "जोडायची खूण घडीच्या आत दडते. जोडणाऱ्या प्रथिनाला ती सापडलीच नाही तर तुकडा गळणारच ना?"

"घडी तुझ्या डोक्यात आहे रे बाबा," येर्बाचा कडू चहा घुटक्याघुटक्याने पीत ती म्हणायची. "माझ्या नळीत प्रथिन खुणेला झक्क चिकटतं."

चिकटणारच. प्रथिन घालण्याआधी ती आरएनए चांगलं तापवायची आणि लगेच बर्फात ठेवायची. तिच्या गुरूने तसं शिकवलं होतं, गुरूला त्याच्या गुरूने. तापवलं की धागा सरळ होतो आणि प्रथिन चिकटल्याचं दाखवणारी पट्टी कशी स्वच्छ उमटते! मग विचारतंय कोण?

ओरासिओला नोकरीत कायम करायची वेळ आली तेव्हा समितीने तिचं मत विचारलं. तिला खरं वाटलं ते तिने सांगितलं: कल्पना छान, पुरावा नाही. त्याला कायम केलं नाही. ओरासिओ दूर ओलावार्रिया शहरात जाऊन शाळेत शिकवू लागला. निघताना तो भांडलासुद्धा नाही.

कितीतरी वर्षांनी एका हिवाळ्यात तापवायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला काही उगवेना. वैतागून तिने आरएनए न तापवताच वापरलं. पट्टी आलीच नाही. पुन्हा केलं, तरी नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतून तोच नमुना तापवून आणला, तर पट्टी हजर. घडी होती. इतकी वर्षं ती स्वतःच्या हाताने मोडत आली होती.

तिने ओरासिओला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"येर्बात दारू घातलीस की काय?" तो हसला.

"थट्टा नको. तुझं नाव पहिलं घालून छापणार आहे मी. तू परत ये."

त्याचं हसणं थांबलं.

"ग्रासिएला, मी तुझ्यावर रागावलो का नाही, माहितेय? म्हटलं, हिचा हात चुकत नाही, म्हणजे माझंच डोकं चुकलं. तेवढ्या एका समजुतीवर निभावलं बघ मी. आता तीही काढून घेतलीस."

माफी मागायला तिने तोंड उघडलं. पण पलीकडे तो रडत होता. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला.