पहिल्या ओळीत काय लिहायचं

प्रिय सिद्धांत आणि मैत्री,

दीपकच्या दुधाच्या पिकअपमध्ये पुढे तो, मध्ये मी, खिडकीपाशी साक्षी आणि साक्षीच्या मांडीवर माझा मिक्सर, अशी आम्ही बारामती सोडली. मागच्या हौद्यात रोज कळस आणि वरकुट्याच्या दुधाचे कॅन असतात. त्या दिवशी तिथे घडीची कॉट, गॅसची शेगडी, दोन जाड इंग्रजी शब्दकोश, इस्त्रीचं टेबल आणि नावाच्या चिठ्ठ्या लावलेले माझे अठरा डबे होते.

"आत्या, पुण्यात ऱ्हायला चाललीयस का दुकान टाकायला?" दीपकने दोरी आवळत विचारलं.

"डबे मोजलेत मी. उतरवताना अठरा भरले पाहिजेत."

"आन् एकोणीस भरले तर?"

शेजारच्या कुंदाताई फाटकाशी उभ्या होत्या. "मुलगा कॅनडाला बोलावतो तर जात नाही, आणि पुण्यात भाड्याच्या खोलीत चाललात? एकाहत्तराव्या वर्षी?" त्यांना वाटलं असेल की मी डोळे पुसेन. मी म्हटलं, "हो, आणि मला फार मजा वाटते आहे." ते अगदी खरं होतं. मोरगाव जाईपर्यंत माझे पाय एका जागी ठरत नव्हते. दिवे घाटातून खाली पुणं पसरलेलं दिसलं तेव्हा साक्षी आणि मी एकदमच "आलं!" म्हणालो, आणि दीपक हसून म्हणाला, "दोघी एकाच वर्गात हायसा का?"

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागची अनोळखी भिंत पाहून मैत्रीने विचारलं, "आजी, तू घर सोडलं?" मी "नंतर सांगते" म्हणून वेळ मारून नेली. मी कोणत्याही प्रश्नाला असं उत्तर देत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून हे पत्र. तुमच्या वडिलांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. एकदा त्यांनाही मराठी वाचू दे.

साक्षी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, कळसच्या आबांची नात, दीपकची मुलगी. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती बारामतीत माझ्याकडे होती. मला ती आत्याआजी म्हणते. तिला गणिताचं वेड आहे. कुकरच्या शिट्ट्यांमधल्या वेळेचीही सरासरी काढते. सीईटीचा निकाल लागला तेव्हा तिचे गुण असे होते की पुण्याची चांगली कॉलेजं अगदी हाताशी नव्हती, पण हाताबाहेरही नव्हती. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. गुण कमी असते तर प्रश्न नव्हता आणि खूप जास्त असते तरीही नव्हता.

तुमच्याकडे प्रत्येक विद्यापीठाला वेगळा अर्ज आणि वेगळा निबंध. इथे सगळ्या राज्याची मिळून एकच यादी भरायची असते. कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या, मग फेऱ्या होतात. मिळालेली जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत आणखी चांगली मिळते का ते पाहता येतं, एवढं आम्ही ऐकून होतो.

आम्ही जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी जोडून जेवणाच्या टेबलावर पसरल्या. मी पट्टीने रकाने आखले. गेल्या वर्षी प्रवेश कितीवर थांबला, वसतिगृह आहे का, मेस कशी, स्टँडपासून किती लांब. शेवटच्या रकान्यात साक्षी पेन्सिलने तीनपैकी एक शब्द लिहायची: 'नक्की', 'कदाचित' किंवा 'बघू'. 'बघू' लिहिताना तिचं अक्षर बारीक व्हायचं. ते पंधरा दिवस घरात जेवायला टेबल नव्हतं. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवत होतो आणि कुणाची काही तक्रार नव्हती. निवृत्तीनंतर इतक्या आनंदाने मी रकाने आखले नव्हते.

मग एका सकाळी आबा आले, पळसदेवचे मासे घेऊन. मासे सिंकमध्ये ठेवले आणि टेबलावरची कॅलेंडरं पाहून म्हणाले, "आक्के, ह्ये काय? लग्नाची पत्रिका जुळवतीयस का?"

"साक्षीची कॉलेजं आहेत."

"मंग हितलं बारामतीचं कुठंय?"

त्याच्यापुढे 'नक्की' लिहिलेलं होतं. आबांनी त्यावर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. "ह्ये बरं. कळसवरनं एसटी हाय, पास हाय, न्हायतर तुझं घर हाय. कालेजची फी शिष्यवृत्तीत सुटंल, पर पुण्यात पोरगी ऱ्हाणार कुठं, खाणार काय? आपल्या म्हशी काय दर म्हैन्याला जास्त दूध देत्यात व्हय?"

आबा चूक बोलत नव्हते. फी सुटणार होती. सरकारी वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर लागते, त्यात नाव येईलच असं नाही. खाजगी वसतिगृह आणि मेसचा चार वर्षांचा खर्च मीच मांडला होता. तो आकडा दीपकने पाहिला, कॅलेंडरचा कोपरा दुमडून झाकला आणि "चहा टाकू का?" असं विचारलं. साक्षी खोडरबराने टेबलावरची धूळ गोळा करत होती.

मी तेव्हा मधला मार्ग काढला. छत्तीस वर्षं मी मुलांना एकच शिकवलं होतं: पेपर हातात आला की आधी सोपा प्रश्न सोडवा. गुण पक्के करा, मग अवघडाकडे वळा. या सूचनेवर माझे किती विद्यार्थी तरून गेले! मी म्हटलं, यादीही तशीच करू. बारामतीचं पहिल्या क्रमांकावर. जागा पक्की झाली की पुढच्या फेरीत पुण्याचं बघू. आबा खूश, दीपक खूश. साक्षी "बरं" म्हणाली आणि तिने माझ्या क्रमाने यादी संगणकात भरली. फक्त कन्फर्म करायचं बाकी राहिलं. एकदा कन्फर्म केलं की त्या फेरीत बदल नाही.

आता दादांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल सांगते. मी दोन वर्षांची असताना दादांनी धम्मदीक्षा घेतली. नंतर आमच्या घरात जेवणाच्या आधी पाटी तपासली जायची. मला अकरावी मॅट्रिकला चांगले गुण मिळाले तेव्हा गुरुजींनी पुण्याच्या एका कॉलेजला माझ्यासाठी पत्र घातलं होतं आणि तिथून होकार आला होता. दादांनी ते पत्र तीन वेळा वाचलं. मग मला बैलगाडीत बसवून बारामतीला आणलं. ते शिकू नको म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "हाक मारली तर ऐकू यावी, इतक्याच लांब जा, बाई." मी तशीच गेले. बारामतीत इंग्रजी शिकले आणि तिथेच शिकवलं. आयुष्य चांगलं गेलं. पुण्याच्या त्या पत्राबद्दल मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी साक्षी 'कन्फर्म' दाबायला बसली. माझ्या घरचा नियम तुमच्या वडिलांना ठाऊक आहे. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचायचा. बँकेचा असो, शाळेचा असो, गॅसचा असो. साक्षी कुरकुरली. "आत्याआजी, लई पानं हायत. कुणीच वाचत न्हाय."

"म्हणूनच वाच."

ती सूचनांची पुस्तिका इंग्रजीत वाचू लागली. मी भाजी निवडत उच्चार सुधारत होते. एका वाक्यापाशी ती थांबली. मला वाटलं, शब्द अडला. मी म्हटलं, "पुन्हा वाच." तिने वाचलं. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

नियम असा होता: पहिल्या फेरीत तुमची पहिली पसंती तुम्हाला मिळाली, तर ती जागा पक्की. तिथेच प्रवेश घ्यायचा, पुढच्या फेऱ्यांत तुम्ही नाही. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली देता येईल तिथे थांबतो. आम्ही वर बारामती लिहिली होती आणि ते तर तिला नक्कीच मिळणार होतं. खालची पुण्याची सात नावं त्याने वाचलीही नसती. उलट ती सात वर लिहिली आणि एकही मिळालं नाही, तरी खाली बारामती होतंच. ते कुठे जात नव्हतं. सोपा प्रश्न आधी सोडवला की इथे पेपरच काढून घेतात.

इंग्रजीच्या शिक्षिकेने पुस्तिका न वाचता यादी लावली होती. मी साक्षीची माफी मागितली. ती गडबडून "असू द्या की" म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला होता. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिने मोठ्याने विचारलं, "मंग 'बघू' वालं सगळं वर घेऊ?"

आता प्रश्न राहिला आबांचा. क्रम बदलायचा म्हणजे पुणं मिळूही शकतं, आणि मिळालं तर जावं लागणार. त्यांना न विचारता दाबणं मला पटेना. फोन लावला. आबा डाळिंबाच्या बागेत होते. मी सगळं समजावलं. ते म्हणाले, "कळलं. मशीन वरनं खाली येतंय. पर आक्के, घावलं तर? पोरगी एकटी ऱ्हाणार कुठं?"

माझं उत्तर ठरलेलं नव्हतं. ते तोंडातून आलं आणि मीच दचकले. "एकटी कशाला? मी जाते की तिच्याबरोबर. खोलीचं भाडं माझ्या पेन्शनमधून, स्वयंपाक दोघींचा."

पलीकडून आबा ओरडले, "तू? तुला बारामतीतनं जेजुरीला न्यायचं म्हणलं तर चार दिस आधी बॅग भरतीयस!"

"म्हणूनच म्हणते. आत्तापासून भरायला घेते."

आबा हसायला लागले. इतकं हसले की शेवटी साक्षीकडे फोन देऊन मी खुर्चीत बसले. साक्षीने "व्हय आबा, व्हय" म्हणत डाव्या हाताने डोळे पुसले, उजव्या हाताने नावं वर-खाली सरकवली, यादी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि दुपारच्या जेवणाआधी कन्फर्म केली.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघींनी एकमेकींचे हात इतके घट्ट धरले होते की माझी बांगडी वाकली. तिला यादीतलं तिसरं कॉलेज मिळालं. पुण्यातलं, इलेक्ट्रॉनिक्स. पहिलं नाही, दुसरं नाही. पुढची फेरी खुली होती, पण साक्षी म्हणाली, "मला हेच पाहिजे. ह्याची प्रयोगशाळा मी सगळ्यात जास्त वेळा बघितलीय मोबाईलवर." 'बघू' लिहिताना तिचं अक्षर जिथे सगळ्यात बारीक झालं होतं, ते हेच. दीपक दुधाच्या फेरीवर होता. तिने फोनवर सांगितलं तेव्हा त्याने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली आणि वरकुट्याच्या लोकांना वाटलं की गाडी बंद पडली.

निघायच्या सकाळी आबा आणि साक्षीची आई बारामतीला आले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्रिशरण म्हटलं, घराला कुलूप लावलं, किल्ली कुंदाताईंकडे दिली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. डबे पुण्यात अठराच भरले. दीपकने दोनदा मोजून दाखवले.

आता इथलं. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना चढताना मी दुसऱ्यावर थांबते. साक्षी सर्किट, सेमिस्टर, सबमिशन असं बोलते. मी तिचे इंग्रजी रिपोर्ट तपासते, त्या बदल्यात ती मला मोबाईलवरून भाजी मागवायला शिकवते. परवा चुकून पाच किलो कांदे आले. तिच्या तीन मैत्रिणी शनिवारी इथे अभ्यासाला येतात, एक चंद्रपूरची आहे. त्यांना मी इंग्रजीत बोलायला लावते. बारामतीच्या घराची आठवण येते का? येते. संध्याकाळी पाचला, कारण तेव्हा मी फाटकाशी उभी राहायचे. इथे फाटक नाही, म्हणून गॅलरीत उभी राहते. खाली मला ओळखणारं कुणी नाही, आणि याचं वाईट वाटायला हवं होतं. पण रस्ता नवा असला की दर दिवशी काही ना काही पाहायला मिळतं.

आणि आबा. रोज सहा वाजता त्यांचा फोन येतो. ते फोनवर बोलत नाहीत, बांधावरून हाक मारल्यासारखे ओरडतात: "आक्के! जेवण झालं का पोरीचं?" समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आता दारातूनच मला सांगतात, "तुमचे भाऊ आले वाटतं." दादांनी घालून दिलेल्या अंतराच्या मी किती बाहेर आले, असं वाटायचं. पण हाक तर इथेही ऐकू येते आहे, आणि जिन्यापर्यंत जाते आहे.

म्हणून मैत्री, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, मी घर सोडलं. उशिरा सोडलं, आणि ते काही माझ्यावर रुसलेलं नाही. कुंदाताई रोज दार उघडून हवा येऊ देतात. आता माझं घर कळसचं आहे, बारामतीचं आहे, या जिन्याच्या टोकाचं आहे. तुमच्या घरातली ती खोलीही आहे. गेली सहा वर्षं तुम्ही तिला आजीची खोली म्हणता आणि त्यात सायकली ठेवता. आयुष्यभर मी पक्कं ते वर लिहिलं आणि बाकीचं 'बघू'त टाकलं. तुमच्याकडे येणंही.

आज रविवार आहे. साक्षी माझ्या समोर बसून पासपोर्टच्या अर्जाच्या सूचना मोठ्याने वाचते आहे. 'सध्याचा पत्ता' आम्ही भरला, इथला. 'कायमचा पत्ता' विचारल्यावर मी थांबले. ती म्हणाली, "आत्याआजी, कळस लिहू का बारामती?" मी म्हटलं, बारामती लिही, पोस्टमन ओळखीचा आहे. तिने लिहिलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं. मी मात्र हळूच उठून कॉटखालची बॅग बाहेर काढली आहे.

त्या सायकली हलवायला घ्या.

तुमची,
आजी