उंबऱ्यावरचं कोनफळ

अनुसयेला सरळ चालता येत नसे. पाय धड होते, पण चार पावलं गेली की ती वळून मागं बघायची. तिचं पहिलं मूल माहेरी, खानापुराकडं, जन्मल्या आठवड्यातच गेलं, आणि तिची आई भिंतीकडं तोंड करून एवढंच म्हणाली होती, "कुणाची तरी नजर लागली." त्या कुणालातरी चेहरा नव्हता. म्हणून कुंभारवाड्याकडच्या रानातल्या वाडीत, सासरी परतल्यावर, अनुसया सगळ्यांचेच चेहरे निरखू लागली. कोण हसलं, कोण हसता हसता थांबलं, सगळं ती मनात साठवून ठेवायची.

तिचा नवरा लखू बहुतेक दिवस घरी नसे. सरकारनं रान जाळून नाचणी पेरायची कुमरी बंद केल्यापासून वाडीचे पुरुष सागवान तोडायला सुप्याकडच्या जंगलात जात. पुन्हा दिवस गेलेली अनुसया घरात एकटी, आणि भोवती नुसतं रान. वाळकं पान पडलं तरी तिला कुणी आल्यासारखं वाटे.

थंडी सरत असताना एका सकाळी तिनं दार उघडलं. उंबऱ्यावर पानात गुंडाळून, वेलीनं बांधून काहीतरी ठेवलेलं. वेल सोडली तर आत कोनफळ. त्याला हळद फासलेली, राख लावलेली. माहेरी असलं काही दारात दिसलं की त्याचा अर्थ एकच होता. तिचा हात आपोआप पोटावर गेला. चुलीजवळचा चिमटा घेऊन तिनं ते उचललं, ओहोळात नेऊन टाकलं, हातपाय धुतले आणि घराकडं निघाली. करणी टाकून आल्यावर वळून बघायचं नसतं, म्हणून त्या दिवशी ती पहिल्यांदाच मागं न बघता चालली. त्यामुळंच पलीकडच्या काठावरच्या झाडीतून पुढं आलेली फुलाआजी तिला दिसली नाही.

फुलाआजी वाडीची सुईण. त्या दिवसापासून ती अनुसयेच्या अंगणावरून जाईनाशी झाली. समोर आली तर वाट बदलायची. अनुसयेला खूण पटली. चोर सापडला! रात्री ती दाराला मुसळ लावून झोपू लागली, आणि झोप मात्र येईना.

शेजारची पारू एकदा ताकाचं गाडगं घेऊन आली आणि सहज म्हणाली, "कोनफळ रुजलं का गं? कुठं लावलंस, गोठ्यामागं?"

"कसलं कोनफळ?"

"आता गं बाय! फुलाआजीनं ठेवलेलं. पोटातल्या लेकराला सुईणीचं बोलावणं असतंय ते. तोंडानं बोलायचं न्हाई, दृष्ट लागते. कीड लागू नये म्हणून हळद-राख लावून गुपचूप ठेवायचं. आपण मातीत लावलं की सुईणीला व्हय म्हटलं."

"आणि फेकून दिलं तर?"

पारू हसली. "कोण फेकंल? तुझा हात माझ्या लेकराला नको, असं कोण म्हणंल?"

 फुलाआजीकडं आज जाईन, उद्या जाईन असं अनुसया करत राहिली, आणि एका दुपारी कळा सुरू झाल्या. पारू धावत गेली, एकटीच परतली.

"येत न्हाई म्हणते."

अनुसया उठली. भिंतीला, मग पारूला धरत वाडीच्या टोकापर्यंत गेली. फुलाआजी अंगणात नाचणी पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"चिमट्यानं उचललंस," ती म्हणाली. "मेला उंदीर न्यावा तसं नेलंस. म्यां पाहिलं."

"आजी, आमच्याकडं दारात असलं ठेवतात ते वाईट व्हावं म्हणून. मला वाटलं..."

"वाटलं न्हवं? मग उद्या काही उणंअधिक झालं तर काय वाटंल? फुलानं पोर खाल्लं, व्हय ना? ह्या हातांवर अर्धी वाडी जन्मलीय. ह्या वयात मला चेटकीण होऊन मरायचं न्हाई."

अनुसया तिच्याकडं बघतच राहिली. इतके चेहरे तिनं निरखले, पण आपल्याही चेहऱ्याला कुणी भीत असेल हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. रोज वाट बदलणारी म्हातारी तिच्याच भीतीनं वाट बदलत होती!

"पारू, तू साक्षीला," ती कळ गिळत म्हणाली. "काही झालं तरी आजीचं नाव घेतलं तर माझी जीभ झडो."

"शपथ सोपी असते बाय. पोर गेल्यावर कुणाला आठवते?"

"मला न्हाई आठवली तर माझ्या तोंडावर सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

मग तिच्यानं उभं राहवेना. सूप खाली पडलं, नाचणी अंगणभर पसरली.

"पाणी तापव गं पारू," फुलाआजी ओरडली. "माझ्याच घरात. आता कुठं नेतेस हिला?"

आत फुलाआजीनं हात पोटाशी आणला आणि मागं घेतला. अनुसयेनं ते पाहिलं, आणि दर कळेला तोच हात घट्ट धरला. भीती दोघींचीही गेली नव्हती.

उन्हं कलताना मुलगी झाली. पटकन रडेना. फुलाआजीनं तिच्या पाठीवर चोळलं, चापट मारली, आणि मग ती जी रडली, की पारूलाही रडू फुटलं.

"बघ," फुलाआजी म्हणाली. "उजेडात नीट बघून घे. हात, पाय, सगळं."

अनुसयेनं सगळं बघितलं. न बघणाऱ्यातली ती नव्हतीच. मग म्हणाली, "आजी, लखू येईपर्यंत मी इथंच ऱ्हाऊ?"

"ऱ्हा," म्हातारी पुटपुटली. "मला तरी आता कुठं झोप लागणार हाय!"