चिपाडाचा डाक्टर

एवढा शिकल्याला आन एवढा बिनकामाचा मानूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला न्हाय, आन फुडं हुईल असं बी मला वाटत न्हाय. लोक एक इषय शिकत्यात आन त्येच्यावर जलमभर भाकरी खात्यात. ह्यो बाबा चार इषय शिकला. यंत्राचं शिकला, शेतीचं शिकला, पुस्तकं कुठल्या कपाटात ठेवायची त्येचं शिकला, आन शेवटाला मुसलमानांच्या जुन्या शान्या लोकांनी देवाबद्दल आन न्यायाबद्दल काय लिवून ठेवलंय, त्ये अरबीतनं वाचायला शिकला. आन एवढं सगळं डोस्क्यात भरून एक साधं चुलवान, म्हंजे गूळ शिजवायची थोरली चूल, त्येच्या हातनं बांधून झालं न्हाय. आमी गुऱ्हाळावरच्या बाया त्येंना डाक्टर म्हनायचो. त्ये म्हनायचं, "मावशी, मी अजून डॉक्टर झालेलो नाही. प्रबंध व्हायचाय." आमी म्हनायचो, "व्हईल की, डाक्टर!" झाला न्हाय त्यो न्हाईच.

कोयनेचा भूकंप झाला, त्येच्या मागनं एक-दोन सालानं त्ये पयल्यांदा गुऱ्हाळावर आलं, चुलवानाच्या जाळावर प्रबंध लिवायला. कोल्हापुरात इंजनेरीच्या कालेजात शिकवायचं, ऱ्हायला पेठंत, घरात एकटी आई. सायकलीवरनं पंचगंगेचा पूल वलांडून यायचं. इजारीला चिमटा, खांद्याला झोळी, आन हातात ताप बगायची ही एवढी लांब काच. ती काच त्येंनी कशाकशात घातली म्हनून सांगू! चुलवानाच्या तोंडात घातली, रसात घातली, काकवीत घातली, बैलाच्या शेनात घातली, आन एकदा माझ्या भाकरीच्या फडक्यात घालून म्हनालं, "मावशी, भाकरी अजून कोमट आहे." म्हनले, "मग खावा की वाईच, गार व्हायच्या आत." खाल्ली. सगळी खाल्ली. दुसऱ्यासाठी अर्धी ठेवावी, ही अक्कल पुस्तकात मिळत नसंल. एकदा काहिलीत वाकून बगताना चष्माच रसात पडला. काहील म्हंजे गुळाची थोरली कढई, एका खोलीत मावायची न्हाय एवढी. उकळी फुटल्याली, हात घालनार कोन? गुळव्यानं गूळ उतरला, ढेपा पाडल्या, त्यातली चष्म्याची कुठली त्ये कुनाला कळंना. आट दिसांनी कोल्हापुरातनं अडत्याचा निरोप आला, "तुमच्या गुळाला डोळं फुटल्यात, येऊन घिऊन जावा." डाक्टरांनी त्योच चष्मा धुतला आन लावला. म्हैनाभर त्येंच्या नाकावर मुंग्या हिंडायच्या, आन त्ये मुंग्यांच्या आडनं आकडं लिवत बसायचं.

आता माझं वाईच सांगते, न्हायतर फुडचं कळायचं न्हाय. माझ्या कारभाऱ्याला ऊस तोडताना पान लागलं. साप चावला असं आमच्यात म्हनत न्हाईत. सकाळी चालत गेल्ता मानूस, दुपारी गाडीत घालून आनला. पदरात तीन पोरं, रान न्हाय, गोठा न्हाय. तेरावं झालं, आन दुसऱ्या दिशी मी आण्णांच्या गुऱ्हाळावर चिपाडं वाळवायला उभी ऱ्हायले. आण्णा म्हंजे गुऱ्हाळाचं मालक. ऊस चरक्यातनं पिळून निगाला की मागं ऱ्हातंय त्ये चिपाड, ओलंगच्च असतंय. त्ये रानात पसरायचं, उलटं करायचं, उनानं वाळलं की गोळा करून चुलवानाजवळ रचायचं. त्येच्यावर गूळ शिजतोय. त्ये काम आमी पाच बायांचं. चिपाडाची धार पात्यासारखी, बोटं चिरायची, चिरंत रस जायाचा, आन मुंग्या डाक्टरांच्या नाकावरनं उतरून आमच्या बोटांवर यायच्या. पन काम व्हतं. सांजच्याला मजुरी आन लोटीभर काकवी. पोरं त्येच्यावरच वाढली. रडायला मला तवा सवड झाली न्हाय, आन आता सवड हाय तर रडू येत न्हाय.

दोन सुग्या आकडं लिवून झाल्यावर डाक्टरांनी इटांचं एक लहान चुलवान मांडलं, पोरी भातुकलीत मांडत्यात तेवढं. सगळ्यांना भवतीनं उभं केलं. आण्णांना म्हनालं, "आण्णा, तुमचा धूर फुकट वर जातो. मी तो बोगद्यातून फिरवणार. बोगद्यावर ओलं चिपाड ठेवायचं, ते बसल्या जागी वाळणार. मग रान नको, ऊन नको, बाया नकोत!" आन आमच्याकडं बगून असं हासलं, जनू आमालाच बक्षीस लागलंय. आण्णा मांडीवर थाप मारून म्हनालं, "आयला! पाच बाया वाचल्या की हो!"

वाचल्या म्हनं. मी डोस्क्यावरचा भारा खाली टाकला. "डाक्टर, मग आमी काय करायचं?"

"अं?" चष्मा वर सारला त्येंनी. "मावशी, ते... ते माझ्या विषयात येत नाही."

"मग कुनाच्या इषयात येतंय?"

मी भांडायला इचारलं न्हवतं. मला खरंच म्हाईत न्हवतं. कोल्हापुरात एवढी शाळा-कालेजं हाईत, कोन तरी आसंलच त्ये शिकवनारा, जाऊन त्येचं पाय धरावं, एवढंच डोस्क्यात. पन डाक्टरांचं तोंड असं झालं, जनू रसात चष्मा न्हवं, जीवच पडलाय. आण्णांनी त्या चुलवानाच्या नकाशाची गुंडाळी मागायला हात फुडं केला, तर ती काखंत मारून त्ये सायकलीवर बसलं. "विचारून येतो," म्हनालं. त्येला पंधरा वर्सं लागली.

पयल्यांदा त्ये शेतीवाल्यांकडं गेलं. त्येंनी सांगितलं, आमचा इषय ऊस. ऊस चरक्यात गेला की आमचा इषय संपला. डाक्टरांना वाटलं, आपल्याला ऊसच कळला नसंल. मग पेठंतल्या परसात आईच्या तुळशीभवती ऊस लावला, त्येला शेन-राख मोजून घातली, आन दोन वर्सं शेतीचं शिकलं. ऊस असा माजला की आईला तुळशीला पानी घालायला वाट उरंना. शेवटाला शेजारच्या पोरांनी त्यो मोडून खाल्ला, म्हंजे तेवढा तरी कुनाच्या उपयोगाला आला.

मग म्हनालं, "मावशी, माझी चूक कळली. उत्तर कुठं तरी लिहिलेलं असणारच. ते ठेवलंय कुठं, ते मला माहीत नाही." म्हनून त्ये पुस्तकं लावायचं शिकलं. जगातल्या समद्या पुस्तकांना म्हनं लंबर असतोय, लंबर कळला की कपाट कळतंय. त्या सालात त्येंना लंबरानं झपाटलंच. आमच्या चिपाडाच्या ढिगांना बी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या लावल्या, ओलं, अर्धवट, वाळकं. पाचीजनी अंगठेबहाद्दर, चिठ्ठ्या वाचनार कोन? आण्णांच्या म्हशीनं वाचल्या. वाळक्याची चिठ्ठी आदी खाल्ली, म्हंजे तिला कळत व्हतं. सुगी सरता सरता डाक्टर आलं, भाऱ्यावर बसलं आन म्हनालं, "मावशी, यंत्राला नंबर आहे, उसाला नंबर आहे, मजुरीला नंबर आहे. तुमच्या प्रश्नाला नंबरच नाही. तो तिन्ही कपाटांच्या मधल्या बोळात पडलाय." म्हनले, "बोळात ऊन तरी हाय का? चिपाडं वाळवाय बरं."

त्याच पुस्तकांच्या जागी त्येंना उर्दू शाळंतलं एक म्हातारं मास्तर भेटलं. त्येंनी सांगितलं, आमच्या जुन्या लोकांत अशी कपाटं न्हवती. एकच मानूस पान्याचं चाक बी करायचा, झाडाच्या रोगाचं बी सांगायचा, आन देवानं जग केलं तर कष्टकऱ्याच्या वाट्याला काय ठेवलं, त्ये बी त्योच इचारायचा. झालं. डाक्टर मास्तरांच्या पायाशी जाऊन बसलं आन अरबी शिकायला लागलं. काठीनं मातीत उजवीकडनं डावीकडं लिवायचं, आन आमी भारं घिऊन त्येच्यावरनं जायाचो. "मावशी, न्यायावरून चाललात!" असं वरडायचं. आमचा चुलवानात जाळ घालनारा मानूस मुसलमान. त्येला गाठून इचारायचं, "भाई, या शब्दाचा अर्थ नेमका काय धरतात?" त्यो बिचारा घामानं निथळत म्हनायचा, "सायेब, मला नमाजापुरतंच येतंय. बाकीचं तुमीच मला सांगा, पन वाईच बाजूला सरकून सांगा, भाजशीला."

मग एक दिस रिक्षा करून डाक्टरांची आई आली. इरकलीतली म्हातारी, बांदावर उभी ऱ्हाऊन समद्या बायांकडं बगून म्हनली, "तुमच्यातली ती प्रश्नवाली कोण?"

"मी हाय, आई."

"अगं बाई, काय केलंस गं माझ्या लेकाचं! डॉक्टर व्हायचा राहिला, लग्नाचा राहिला. हाताखालचा पोरगा त्याचा साहेब झाला. मुलीकडचे विचारतात, मुलगा कशात आहे? काय सांगू? परवा यंत्रात होता, मग उसात होता, मग कपाटात होता, आता अरबीत आहे! तुझ्या पाया पडते, तो प्रश्न तेवढा परत घे."

मला तिची दया आली. म्हनले, "घेतला, आई. ह्यो बगा, घेतला."

डाक्टर बांदाच्या पल्याडनं वरडलं, "असा परत घेता येत नाही, आई!"

"ती घेतीय की! तुझं काय जातंय?" म्हातारी कडाडली. त्येनं काय ऐकलं न्हाय. तवा लेकासाठी आनल्यालं बेसनाचं लाडू तिनं रागारागानं माझ्या वट्यात वतलं आन रिक्षात जाऊन बसली. लाडू झकास व्हतं. पोरांनी इचारलं, कशाचं? म्हनले, प्रश्नाचं.

आण्णा दर सुगीला नकाशा मागायचं. गोडीत मागितला, रागात मागितला, शेवटाला म्हनालं, "अवो, बाया बगतील दुसरं काम!" डाक्टरांनी लगीच इचारलं, "कुठलं?" तवा आण्णांनी सायकल आत आनायची बंदीच केली. डाक्टर बांदावर बसायला लागलं. मग आण्णांनी एका गवंड्याला घिऊन आटवंल तसं चुलवान बांधलं. पयल्याच दिशी धूर उलटा फिरला, गुळव्याच्या तोंडावर आला, गूळ काळाठिक्कर झाला आन आण्णांच्या मिशा अर्ध्या जळाल्या. बांदावरनं डाक्टर म्हनालं, "चिमणीची उंची चुकली." "मग सांग की लेका किती पायजे!" आण्णा वरडलं. डाक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. एवढं एक गनित त्येंना पक्कं येत व्हतं, आन त्येच त्येंनी सांगितलं न्हाय. आमी परत चिपाडं पसरायला गेलो.

अशी सालं गेली. थोरलीला हुपरीत दिली, ती सासरी बसून पैंजनं गुंफती. मधला कबनुरात मागावर लागला. धाकटा एष्टीत चिकटला. डाक्टरांचं केस पांढरं झालं, आई गेली, उर्दूचं मास्तर बी गेलं. आन मग पलीकडच्या गावात दुसऱ्याच कुनी तरी तसलं चुलवान बांधलं. त्येंना कुनी काय इचारलं नसंल. आण्णांनी तिथलाच गवंडी आनला. ह्या खेपंला धूर नीट बोगद्यातनं गेला. त्या आठवड्यात आमाला सांगितलं, उद्यापास्नं येऊ नगा. घरी आले, भाकरी केली, खाल्ली. रडले न्हाय.

चार दिसांनी डाक्टर माझ्या दारात आलं. सायकल बी धापा टाकत व्हती. कट्ट्यावर बसलं, चष्मा काढून पुसत ऱ्हायलं. "मावशी, मी फार उशीर केला. प्रबंध झाला नाही, चूल झाली नाही. तुमचं उत्तरही सापडलं नाही."

मी म्हनले, "डाक्टर, खरं सांगू? तुमाला दुसरं काय बी जमलं न्हाय. उशीर तेवढा झकास केलासा. त्या उशिरात माझी तीन पोरं मोठी झाली."

मला वाटलं हासतील. त्ये हासलं न्हाईत. म्हनालं, "आणि त्या धाकट्या दोघी?"

आमच्यातल्या दोघी नव्या. त्येंची पोरं अजून अंगनात रांगत व्हती. त्येंना उशीर कमी पडला. मी उठले. चूल पेटवली, भाकरी थापली, फुडं ठेवली. डाक्टरांनी अर्धी खाल्ली, अर्धी फडक्यात गुंडाळून माझ्याकडं सरकवली. एवढ्या वर्सांत तेवढं तरी शिकलं व्हतं.

निगताना सायकलीला हात लावून थांबलं. "मावशी, आईला तुम्ही तसं म्हणाला होता. पण तो प्रश्न परत घेऊ नका हं."

"न्हाय घेत," म्हनले.

त्येच्या मागनं त्ये आलं न्हाईत. कालेजातनं निगालं आन कुठल्या तरी भाच्याकडं गेलं, एवढंच ऐकलं. कुनी म्हनतंय गेलं, कुनी म्हनतंय हाईत. मी मातूर घेतला न्हाय परत. कुनी इचारून येतो म्हनलं, तर द्यायला ठेवलाय.