कोणाच्या नावावर काय

यवतमाळहून शिकायला आलेली नम्रता राऊत पुण्यातच नोकरीला लागली, मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या खराडीतल्या एका कंपनीत. तिथे तिचा बराचसा वेळ कोड लिहिण्यात नव्हे, माणसं शोधण्यात जायचा. कंपनी वाढत गेली तशा शेकडो सर्व्हिस, म्हणजे एकेक काम सांभाळणारे छोटे प्रोग्राम, तयार झाल्या होत्या. एखादी बंद पडली की आधी प्रश्न यायचा, "ही कोणाची?" आणि उत्तर ठरलेलं असायचं, "सहस्रबुद्धे सरांना विचार."

शरच्चंद्र सहस्रबुद्धे शनिवार पेठेतले. कंपनी कर्वे रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये होती, तेव्हापासूनचे. कुठली सर्व्हिस कुठल्या गिऱ्हाइकाच्या हट्टापायी लिहिली गेली, हे त्यांना तोंडपाठ. नम्रता पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मला त्रास द्यायच्या आधी आपण दुसरीकडे कुठे शोधलंत का?"

"शोधणार कुठे, सर? कुठे लिहिलेलंच नाही."

"मग बसा," असं म्हणून त्यांनी चहा मागवला आणि तिला जेवढं हवं होतं त्याच्या दुप्पट सांगितलं.

जागेवर परत येताना तिच्या मनात आलं, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात असणं बरं नाही. तिने विभागप्रमुख वरदकडून परवानगी काढली आणि कंपनीपुरतं एक पोर्टल उभं करायला घेतलं. तिथे प्रत्येक सर्व्हिसचं एक पान असणार होतं: काम काय, चालवायची कशी, बिघडली तर फोन कोणाला करायचा. पोर्टलचा सांगाडा फुकट मिळाला, पण तो कंपनीच्या लॉगिनला जोडताना तिच्या नाकी नऊ आले. आणि एवढं करून पोर्टल सुरू झालं, तर ते रिकामंच. प्रत्येक टीमने आपापल्या कोडशेजारी ही माहिती देणारी चार ओळींची एक फाइल ठेवायची, एवढंच काम होतं, पण सगळे म्हणायचे, "टाकतो गं, या रिलीजनंतर."

मागे लागून काही होत नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग तिने पोर्टलवर एक बटण केलं. नवी सर्व्हिस सुरू करायची तर आधी तीन विभागांची मनधरणी करावी लागे; आता बटण दाबलं की सगळी मांडामांड आपोआप व्हायची. अट एकच, सर्व्हिसची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव घालायचं. लोक यायला लागले. पानं भरत गेली.

सहस्रबुद्ध्यांनी मात्र एकाही पानावर नाव घातलं नाही.

"तुमचं नाव आणि माहिती पानावर लागली तर लोक सारखं विचारायला येणार नाहीत, सर."

"तेच तर," ते म्हणाले. "आत्ता माणसं येतात. बसतात, बोलतात. ती उद्या या वेबसाइटशी बोलतील."

नम्रता आपल्या जागेवर परतली.

वर्षभराने धंदा मंदावला. वरदने तिला बोलावून घेतलं. "पोर्टलवरून एक रिपोर्ट काढ. कोणाच्या नावावर किती सर्व्हिस आहेत. ज्यांच्या नावावर काहीच नाही, त्यांच्यापासून विचार करू."

नम्रता दचकली. "अरे, फोन कोणाला करायचा, एवढंच पोर्टल सांगतं. कोण किती कामाचं, ते नाही सांगत."

"खोटं तर सांगत नाही ना?"

"अर्धवट सांगतं."

"मग सोमवारपर्यंत पूर्ण कर."

रविवारी सकाळी ती शनिवार पेठेत सहस्रबुद्ध्यांच्या घरी गेली आणि जे होतं ते सरळ सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"म्हणजे आपण बांधलेल्या गोष्टीमुळे माझी नोकरी जाणार, आणि वाचवायची तर त्याच गोष्टीला शरण जायचं. छान."

"मला हे नको होतं, सर."

ते उठले, आत जाऊन लॅपटॉप घेऊन आले. "नुसतं नाव नाही घालायचं. ही सर्व्हिस अशी का आहे, तेही लिहायचं. मी सांगतो, आपण टाइप करा."

दुपारचं जेवण झालं तरी ते सांगतच होते. दुपारनंतर ते 'आपण'वरून 'तुम्ही'वर आले होते, हे तिला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

सोमवारी नम्रताने रिपोर्ट दिला. सहस्रबुद्धे वाचले. नोकरी गेली ती स्वरालीची. नम्रताच्याच शेजारी बसणारी, नुकतीच दुसऱ्या टीममध्ये गेलेली. जुन्या टीमने तिचं नाव काढलं होतं, नव्या टीमने अजून घातलं नव्हतं. रविवारभर एका माणसाची पानं भरताना बाकीच्या रिकाम्या नावांकडे नम्रताने पाहिलंच नव्हतं. हे कळताच ती वरदशी भांडली. तो म्हणाला, "एकट्या रिपोर्टवर काही ठरलं नाही." ते खरं की खोटं, हे तिला कधीच कळलं नाही.

त्याच आठवड्यात तिने पोर्टल बदललं. माणसाच्या नावाची जागा काढून टाकली. आता प्रत्येक पानावर टीमचं नाव आणि त्या टीमचा एकच फोन. वरद चिडला. "हे कोणाला विचारून केलंस?" ती म्हणाली, "माणसं टीम बदलतात. नावं शिळी होतात आणि फोन भलत्याला जातात. परत पहिल्यासारखं हवं असेल, तर दुसऱ्या कोणाकडून करून घे." दुसरं कोणी पुढे आलं नाही.

सहस्रबुद्ध्यांची भीती खरी ठरली. त्यांच्याकडे येणारी वर्दळ ओसरली. लोकांना हवं ते आता पानांवर सापडायचं, त्यांच्याच शब्दांत. पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी त्यांनी नम्रताला बाजूला घेतलं. "चांगलं काम केलंत. मला आवडलं नाही, पण चांगलं केलंत."

काही महिन्यांनी स्वरालीचा फोन आला. बाणेरच्या नव्या कंपनीने तिला असंच पोर्टल उभं करायला सांगितलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे नम्रताला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

"सुरुवात कुठून करू गं?" स्वरालीने विचारलं.

"आधी ते बटण कर. त्याशिवाय कोणी फिरकणार नाही," नम्रता म्हणाली. "आणि माणसाचं नाव घ्यायच्या आधी वरच्यांना विचार, या नावांचं ते काय करणार आहेत. लेखी घे."

पलीकडे स्वराली लिहून घेत होती.