काकांनी चंद्राचा काटा दुरुस्त केला

काटेकाका वजनकाटे दुरुस्त करत, आणि खोटा काटा त्यांना भातातल्या खड्यासारखा लागे. एकदा ताप आला म्हणून ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी काकांना तपासायच्या आत काकांनी डॉक्टरांचा काटा तपासला. तो सव्वादोन किलो जास्त दाखवत होता. त्या संध्याकाळी निम्म्या गल्लीचं पथ्य सुटलं आणि डॉक्टर पुढे महिनाभर काकांशी तुटक बोलत होते.

त्यांची मुलगी विज्ञान केंद्रात लागली होती. शाळांचे वर्ग आले की त्यांना ग्रहतारे समजावून द्यायचे, हे तिचं काम. पण नोकरी कच्ची होती. सहा महिने भरत आले होते, आणि नव्या दालनात पहिल्या वर्गाला ती कसं शिकवते ते पाहून तिला पक्की करायची की नारळ द्यायचा, हे संचालिकाबाई ठरवणार होत्या.

त्या दालनात चार मोठे काटे होते. त्यांच्या पाट्या रंगवायला गेल्या होत्या.

"बाबा, काट्यांवर धूळ बसलीय," मुलगी आदल्या दिवशी म्हणाली. "जरा बघून द्याल?"

तिच्या लेखी बघून देणं म्हणजे फडकं मारणं. काकांच्या धंद्यात मात्र बघून देणं म्हणजे बरोबर करून देणं, आणि घोळ झाला तो एवढाच.

काका पहिल्या काट्यावर चढले. सहासष्ट किलो. शाबास. दुसऱ्यावर चढले, तर अकरा. अकरा किलोचा माणूस काटे दुरुस्त करत नसतो, पाळण्यात असतो. तिसऱ्याने पंचवीस दाखवले आणि चौथ्याने एकशे सदुसष्ट. काकांचं डोकंच फिरलं. सरकारी पैशाने असले काटे घेणाऱ्यांचा त्यांनी मनातल्या मनात यथेच्छ उद्धार केला. मग मागची झाकणं काढली. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात नको तितकी कडक स्प्रिंग, चौथ्यात नको तितकी मऊ. त्यांनी दुकानातून चांगल्या स्प्रिंगा आणल्या, काढलेल्या जुन्या आणि उरलेल्या नव्या पिशवीत कोंबल्या आणि दिवसभर घाम गाळून चारही काटे सहासष्टवर आणले.

"काही काळजी करू नकोस," घरी आल्यावर ते म्हणाले. "सगळे एकसारखे केलेत."

मुलीला वाटलं, चकचकीत केलेत.

दुसऱ्या दिवशी चाळीस मुलं आली, संचालिकाबाई वही घेऊन बसल्या, काकाही स्प्रिंगांची पिशवी मांडीवर घेऊन कौतुकाने मागे बसले. पाट्या आता लागल्या होत्या, पण काकांचं लक्ष सुयांवर.

"पृथ्वीवर मी चोपन्न किलो," मुलगी पहिल्या काट्यावर चढून म्हणाली. "आता चंद्रावर जाऊ. तिथे मी भरेन फक्त नऊ."

सुई चोपन्नवर जाऊन ठाम उभी राहिली. मुलगी घाईने मंगळावर चढली. चोपन्न. गुरूवर चढली. चोपन्न.

"ताई, मग तिकडे जायचं कशाला?" मागून कोणीतरी विचारलं आणि वर्ग खो खो हसला. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

काकांनी तेव्हा कुठे पाट्या वाचल्या. पोरीच्या नोकरीवर आपण आपल्या हाताने पाणी सोडलं, हे त्यांना लख्ख कळलं. ते उठून पुढे गेले.

"बाई, हिचा दोष नाही. मी दुरुस्त केले."

"दुरुस्त?" बाई म्हणाल्या.

"हो ना. आणि खरं सांगायचं तर माझाच काटा बरोबर आहे. तो उचलून चंद्रावर न्या, आपोआप नऊ दाखवेल. इथल्या इथे नऊ दाखवायला कडक स्प्रिंग घालून फसवावं लागतं."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. घरी जेवताना हे स्प्रिंगपुराण ऐकून तिचे कान किटले होते. आज तेच तिच्या मदतीला देवासारखं धावून आलं.

"पिशवी द्या, बाबा," ती म्हणाली, आणि तिने एक कडक स्प्रिंग आणि एक साधी मुलांच्या हातात दिली. "दाबून बघा. स्प्रिंगला तुम्ही कोण, केवढे, काही कळत नाही. आपल्याला किती जोराने दाबलं, एवढंच तिला कळतं. चंद्र तुम्हाला कमी जोराने ओढतो, म्हणून स्प्रिंग कमी दबते. तुम्ही मात्र तेवढेच असता. बारीक व्हायला चंद्रावर जाऊन उपयोग नाही."

पुढचा तासभर मुलं स्प्रिंगा सोडेनात. एकाने तर बाईंनाच दाबून बघायला लावलं. बाईंनी वही मिटली आणि मुलं गेल्यावर मुलीला म्हणाल्या, "उद्यापासून हे रोज असंच शिकवायचं. पक्क्या नोकरीची ऑर्डर दुपारी घेऊन जा."

काकांनी पाठ फिरवून डोळे पुसले आणि जुन्या स्प्रिंगा पुन्हा बसवायला घेतल्या. मन मोडून, पण बसवल्या. मग बाईंनी चंद्राच्या काट्याच्या तपासणीचा दाखला पुढे केला. त्यावर छापलं होतं, ‘काटा अचूक आहे’, आणि खाली सहीची जागा.

काका कितीतरी वेळ पेन धरून बसले. असल्या खोट्या काट्याच्या दाखल्यावर चाळीस वर्षांत त्यांनी सही केली नव्हती. शेवटी त्यांनी छापलेलं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, ‘काटा मुद्दाम खोटा आहे. कोणी दुरुस्त करू नये.’ आणि डोळे मिटून सही ठोकली.

मुलीने दाखला उचलला, त्यावर हळूच फुंकर मारली आणि दुसरा पुढे सरकवला.

"बाबा," ती म्हणाली, "मंगळ आणि गुरू राहिलेत."