ठोंबरे मॅडमचा साबणाचा खेळ

ठोंबरे मॅडमची आणि माझी पहिली भेट जुईनगरच्या आमच्या महाविद्यालयात, संगणक कक्षाच्या दारात झाली. आत मुले ओरडत होती, "भाव पाड, भाव पाड!" मी चमकून पाहिले, तर मॅडम म्हणाल्या, "उद्योजकतेचा तास चालू आहे, सर." पडद्यावर मुलांच्या खोट्या कंपन्या खोटा साबण विकत होत्या. गावच्या शाळेत पाटीवर शिकलेल्या मला त्यात जुगाराचा वास आला. मग मी मुद्दाम मागच्या बाकावर बसू लागलो, चूक पकडायला. मॅडमनी ते ओळखले असावे. त्या माझ्यासाठीही चहा मागवू लागल्या. मला त्या चहाचीही शंका आली.

त्या वर्षी मॅडमनी जाहीर केले, जिंकणाऱ्या गटाला गेटजवळचा बंद पडलेला वड्यांचा स्टॉल चालवायला मिळेल. वर्गातल्या हर्षदाला तो हवाच होता. तिची आई खांदेश्वर स्टेशनबाहेर मासळी विकते. स्वतःचा खर्च निघाला नाही तर हर्षदाने कॉलेज सोडायचे, असे घरी ठरले होते.

पण प्रत्येक फेरी संपता संपता हर्षदा भाव निम्म्यावर आणून सगळा माल काढून टाकी. दुसऱ्या गटातला रोहन हसला, "अगं बाई, साबण आहे तो, बोंबील नाय! उद्या पण विकला जाईल."

"सवय रे. टोपली रिकामी झाल्याशिवाय उठत नाय आमी."

तिचा गट शेवटचा आला, रोहनचा पहिला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी निकाल थांबवून नव्या नियमाने खेळ पुन्हा घ्यायचे म्हटले, तेव्हा यात लबाडी आहे अशी माझी खात्रीच पटली. मी वर्गासमोर विचारले, "नियम कोणासाठी बदलताय, मॅडम?"

"चूक माझी आहे, सर. स्टॉलवर विकायचे वडे आणि मी परीक्षा घेतली साबणावर. वडा उद्यापर्यंत टिकत नाही." मग त्या रोहनकडे वळल्या. "तू नाही म्हणालास तर स्टॉल तुझाच."

"खेळू ना, मॅडम! परत हरवतो तिला."

मॅडमनी खेळाचा पासवर्ड माझ्या हाती दिला. "माल संध्याकाळी खराब होईल, एवढेच बदला. शंका तुमची आहे, तुम्हीच चालवा. मी बाहेर बसते."

खेळ संपल्यावर मी आकडे दोनदा तपासले. हर्षदा जिंकली होती. आज ती शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिच्या स्टॉलवर चारनंतर वडा मिळत नाही.

खेळाने उद्योजक घडतात, यावर माझा अजून पुरता विश्वास नाही. पण भरल्या वर्गात "चूक माझी" म्हणणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत. मॅडमनी साठी पूर्ण केली. सकाळच्या पूजेत मी त्यांच्यासाठी आरोग्य आणि भरपूर आयुष्य मागतो. आणि शंका घेणाऱ्याच्याच हाती सगळे सोपवून निवांत बाहेर बसण्याचा त्यांचा स्वभाव कायम राहो, हेही मागतो.