विमान राहू दे

संस्थेच्या सचिवसाहेबांनी मोरपिसांचा तुरा रोशनीच्या मांडीवर फेकला. ती संगणकासमोर बसली होती, हात माऊसवर. ते म्हणाले, "ऊठ. हे बांध डोक्याले. विमान राहू दे."

नागपूरचे पाहुणे येणार होते. आमच्या वर्गाचं काम पाहायला. रोशनीनं आधी तुऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायची. आर्वीकडची एका संस्थेची शाळा. नोकरी कंत्राटी. गावातली पोरं आणि वसतिगृहातल्या गोंड पोरी एकाच वर्गात, पण बाक वेगळे. तसं कोणी ठरवलं नव्हतं म्हणे. मीही गोंडच. शिक्षकांच्या खोलीत माझा कप वेगळा नव्हता. तेवढं मात्र मला पुन्हा पुन्हा सांगितलं जायचं.

त्या वर्षी आठवीला मी विमान बनवायला शिकवलं. लाकूड नाही, कागद नाही, सगळं संगणकाच्या पडद्यावर. पंख किती लांब, शेपूट केवढी, वजन कुठं, हे पोरांनी ठरवायचं आणि उडवून पाहायचं. पण सगळ्यात आधी फळ्यावर एक प्रश्न: हे विमान कोणासाठी? त्याचं उत्तर सापडलं की मग कल्पना, आराखडा, बांधणी, चाचणी. पडलं तर रडायचं नाही. का पडलं ते शोधायचं, एकच गोष्ट बदलायची, पुन्हा उडवायचं. इंजिनिअर असंच काम करतो. माझ्या शाळेत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

गावातल्या पोरांनी लढाऊ विमानं काढली. रोशनी मडावी आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एक बुटकं विमान घेतलं.

"आमच्या गावच्या पडीकात उतरलं पायजे," रोशनी म्हणाली.

"कोणाला न्यायला?"

"मामीले."

मामी बाळंतपणात गेली होती. जीपमध्ये, सेवाग्रामच्या दवाखान्याच्या वाटेवर.

"मामी तं आता नाई," ती म्हणाली, "पण दुसरी कोणी असन ना."

त्यांचं विमान नाकावर आपटायचं. पोरी आपसात गोंडीत भांडायच्या. पेशंटची खाट मागं सरकवली, तर शेपूट खाली बसायला लागली. मग पंख लांब केले. मग खाट थोडी पुढं. असं कितीतरी दिवस. एका दुपारी ते विमान पडद्यावरच्या आखूड पट्टीवर उतरलं आणि थांबलं. तिघींपैकी कोणी ओरडलं नाही. रोशनीनं फक्त हात फ्रॉकला पुसले.

आणि आता हा तुरा.

"सर, विमान तिनं बनवलं आहे," मी म्हणाले.

"बनवलं असन. सांगाले स्मार्ट पोरगं पायजे. माहा पुतण्या सांगन." पुतण्या माझ्याच वर्गातला. दाराशी मान खाली घालून उभा होता. "ह्या पोरी नाचतीन. रक्तातच हाय त्यायच्या. पाहुण्यायले तेच आवडते."

मनानं मी त्या खोलीत राहिलेच नाही. मी आश्रमशाळेच्या मैदानात होते, रोशनीएवढी. कोणी साहेब येणार म्हणून आम्हाला सकाळपासून सजवून उभं केलं होतं. अनवाणी, तापलेल्या जमिनीवर. साहेब दुपारी आले. आम्ही नाचलो. एका बाईनं माझी हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडे फिरवलं. "जरा हस ना." नाव कोणी विचारलं नाही. त्यांचं जेवण झालं, गाड्या गेल्या, आम्ही मैदान झाडलं.

नाचाशी माझं वैर नाही. आमच्या गावच्या लग्नात मी अजून नाचते. तो नाच आमचा आमच्यासाठी असतो. कोणाच्या चहापाण्याबरोबर द्यायला नसतो.

मी तुरा उचलला आणि सचिवसाहेबांसमोर टेबलावर ठेवला. "त्या नाचणार नाहीत."

मुख्याध्यापक माझ्या कानाशी आले. "मॅडम, अडून बसू नका. तुमची नोकरी कंत्राटी आहे."

तेवढ्यात पाहुणे आत आलेच. सचिवांनी पुतण्याला रोशनीच्या खुर्चीत बसवलं. मी मोठ्यानं म्हणाले, "हे विमान रोशनी मडावी आणि तिच्या मैत्रिणींनी बनवलं आहे. त्या सांगतील."

मुख्य पाहुणे हसले. "अच्छा, अच्छा. व्हेरी गुड." मग घड्याळ पाहिलं. "आधी तो डान्स होऊन जाऊ द्या."

त्यांचा आवाज गोड होता. तोच मला जास्त लागला.

मी तोंड उघडायच्या आत रोशनी पुढं आली. "आमी नाई नाचत," ती म्हणाली. दोघी मैत्रिणी तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पाहुण्यांना चहाला नेलं. विमान कोणी पाहिलंच नाही.

पुढच्या आठवड्यात संगणक खोली वसतिगृहाच्या पोरींना बंद झाली. कारण काय, तर मशीन खराब होतात. माझं कंत्राट वाढवलं नाही. रोशनीच्या बापाला बोलावून सचिवांनी तासभर उभं ठेवलं. परत जाताना तो मला एसटी स्टँडवर भेटला. रागावला नव्हता. थकला होता.

"मॅडम, नाचली असती पोरगी तं का झालं असतं?"

"काहीच झालं नसतं, दादा. तिचं नावही कोणी विचारलं नसतं. तेच तं."

त्याची एसटी लागली. चढता चढता म्हणाला, "पोरीले मी काढत नाई शाळेतून."

संस्थेनं निरोप पाठवला: माफी लिहून द्या, परत घेऊ. मी लिहून दिली नाही. देणारही नाही. मी वर, शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तक्रार केली आहे, सचिवांचं नाव घालून, त्यांचे शब्द होते तसेच. तक्रार मागं घ्या म्हणून लोक घरी येतात. भल्याचं सांगतात. मी त्यांना पाणी देते आणि नाही म्हणते.

सुनावणी लागेल तेव्हा मी एकटी जाणार नाही. त्या तिघी येतील, त्यांचे आईबाप येतील. विमानाचं त्या सांगतील, अपमानाचंही त्याच सांगतील. वेळ नाही म्हणून कोणी उठायला सांगितलं, तर आम्ही उठणार नाही. त्यांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तिथंच बसून राहू.